एक कळ, अनेक सूत्रें

जुन्या रेडिओ-संचाची पाठ उघडून ज्यांनीं कधीं आंत डोकावून पाहिलें असेल, त्यांना एक मोठें मौजेचें यंत्र आठवत असेल. पातळ पत्र्यांचे दोन किंवा तीन गठ्ठे एकाच दांड्यावर बसविलेले असत, आणि दर्शनी बाजूची केंद्र लावण्याची कळ फिरविली कीं ते सारे पत्रे स्थिर पत्र्यांच्या फटींत एकदम शिरूं लागत. कारागीर याला ‘गँग कंडेन्सर’ म्हणत. १९२० नंतरच्या आरंभींच्या पुष्कळ संचांत ही सोय नव्हती. प्रत्येक मंडलाची कळ निराळी. एक केंद्र लावावयाचें तर दोन-तीन कळा वेगवेगळ्या फिरवून त्यांचा मेळ जमवावा लागे. घरांतील एखादा उत्साही गृहस्थच तें करूं जाणे. इतरांनीं त्याची मर्जी सांभाळून ऐकावें! पुढें हीं मंडलें एका दांड्याला जोडलीं गेलीं, तेव्हां कोठें रेडिओ लहानथोरांच्या हातीं आला.

त्या पत्र्यांत आणखीहि एक खुबी होती. पत्रे निव्वळ अर्धवर्तुळाकार असले तर दर्शक पट्टीच्या एका टोकाला केंद्रांची दाटी होई. तेथें कळ केसभर हलली तरी दोन केंद्रें ओलांडून जात, आणि दुसऱ्या टोकाला मात्र ती कितीही फिरवा, फारसें कांहीं हातीं लागत नसे. म्हणून पत्र्यांची कड एका विशिष्ट वक्र रेषेंत कापूं लागले, जेणेंकरून कळ जितकी फिरेल तितक्याच प्रमाणांत कंपनसंख्या बदलावी. अनेक गोष्टी एका कळेस जोडणें हें पहिलें काम, आणि त्या कळेच्या फिरण्याला योग्य वळण देणें हें दुसरें. आजचा आपला विषय जो संगणकावरील सिंथेसायझरांतील ‘मॅक्रो’, त्याचें सारें मर्म या दोन कामांत आहे. पहिलें काम सगळेच करतात; दुसरें फार थोडे करतात, असें दिसतें.

सिंथेसायझर म्हणजे विद्युत्-आंदोलनांतून नाद घडविणारें वाद्य. तारेऐवजीं किंवा पेटीच्या सुरांऐवजीं येथें ऑसिलेटर स्वर उत्पन्न करतो. फिल्टर त्या स्वरांतील वरच्या उपस्वरांना कमीअधिक वाट देतो, आणि ही वाट जेथें बंद होते त्या सीमेला कटऑफ म्हणतात. एन्व्हलप स्वराचा उदय आणि अस्त ठरवितो. शेवटीं रिव्हर्ब त्याच्या भोंवतीं दालनाचा किंवा देवळाच्या गाभाऱ्याचा भास उभा करतो. मुंबईंत १९८२ सालीं चित्रपटसंगीतांतील वादक चरणजित सिंग यांनीं रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळीं तिची कोणीं फारशी दखल घेतली नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां जगभर तिचें कौतुक झालें. त्या तिहींपैकीं टीबी-३०३ या लहानशा यंत्राच्या माथ्यावर मोजक्याच कळा आहेत. एक कळ कटऑफची, एक त्या सीमेवरील झणत्काराची, एक-दोन एन्व्हलपच्या. प्रत्येक कळेचें काम एकच, आणि वादकाची बोटें ती न पाहतां ओळखूं शकत.

लॅपटॉपवरील सिंथेसायझरांत अशा कळा शेंकड्यांनीं असतात, व त्या सर्व चित्रांतल्या! माऊसनें एका वेळीं एकच कळ धरतां येते. ज्याचा उजवा हात पट्ट्यांवर गुंतला आहे त्याला तीहि धरतां येत नाहीं. ही अडचण दूर करण्याकरितां जी एक रिकामी कळ दिलेली असते, तिला मॅक्रो म्हणतात. ती स्वतः कांहींच करीत नाहीं. आपण जीं सूत्रें तिला बांधूं तीं ती ओढते. पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या खेळवितात, तेव्हां हातांतील एक पट्टी किंचित् कलली कीं बाहुलीची मान, खांदा व हात एकदम हालतात. पण प्रत्येक दोरीची लांबी वेगळी असते, म्हणूनच तो नमस्कार नमस्कारासारखा दिसतो. सगळ्या दोऱ्या सारख्या लांबीच्या असत्या तर बाहुली नुसती उचलली गेली असती.

‘व्हायटल’ नांवाचा सिंथेसायझर २०२० सालीं निघाला. त्याची मूळ आवृत्ति विनामूल्य आहे व तींत असे चार मॅक्रो आहेत. ‘सर्ज एक्सटी’ हाहि विनामूल्य आहे. त्यांत आठ आहेत. जोडण्याची रीत सोपी आहे: मॅक्रोपासून सूत्र ओढून हव्या त्या कळेवर सोडावयाचें, आणि तें किती ओढ घेणार तें प्रमाण ठरवावयाचें. यावर अधिक वेळ घालविण्याचें कारण नाहीं. खरा प्रश्न आहे तो कोणत्या गोष्टी, किती, आणि कोणत्या क्रमानें जोडाव्या हा. या प्रोग्रॅमांबरोबर येणारे तयार नाद बहुतेक पाश्चात्य नृत्यसंगीतासाठीं रचलेले असतात, आणि त्यांचे मॅक्रोहि त्याच उपयोगाचे. आपल्या गाण्याला लागणारा मॅक्रो आपणच घडविला पाहिजे.

एक उदाहरण घेऊं. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांत, शेगांवच्या उत्तरेस, सातपुड्याकडील सपाटींत वरवट बकाल हें गांव आहे. भजनी मंडळ नाहीं असें गांव या मुलखांत विरळा. समजा, तेथील एखाद्या तरुणाजवळ एक साधा लॅपटॉप व दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड आहे, आणि भजनाला तंबोऱ्याचा आधार द्यावा अशी त्याची इच्छा आहे. मिरजेचा तंबोरा विकत घेणें प्रत्येक मंडळाला परवडत नाहीं; शिवाय तो लावणारा कान आणि छेडणारे हात हवेत. नुसता मुद्रित तंबोरा लावून ठेवावा, तर तो अभंग शांतपणें चालला असतांना आणि गजराचा कल्लोळ उठला असतांना सारखाच वाजत राहतो. खऱ्या तंबोऱ्याजवळ याला उत्तर आहे, आणि त्याचें नांव जवारी.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं दोरा सरकविला कीं तार घोडीच्या उताराला अलगद घांसूं लागते, आणि स्वरांतून वरचे उपस्वर झणाणून उठतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालींच दाखविलें होतें कीं, तार ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर उमटूंच नये असें शास्त्र सांगतें, तेथें छेडूनहि तंबोऱ्यांत तो स्पष्ट ऐकूं येतो. ही घोडीची करामत. दोरा एक, आणि सरकतो केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. परंतु तेजस्वीपणा, स्वराचें आयुष्य आणि भरीवपणा हे तिन्ही गुण त्याबरोबर बदलतात. मॅक्रो म्हणतात तो याहून वेगळा काय असावयाचा?

तर आपल्या तरुणानें पहिल्या मॅक्रोला ‘जवारी’ असें नांव द्यावें आणि त्याला चार सूत्रें बांधावींत. पहिलें कटऑफला: कळ बंद असतांना ५०० हर्ट्झ, पूर्ण उघडली असतांना ४,००० हर्ट्झ. दुसरें ऑसिलेटरच्या तरंगाच्या आकाराला, म्हणजे कळ उघडेल तसा तो उपस्वरांनीं अधिक भरत जावा. तिसरें जोडाच्या दोन तारांमधील सूक्ष्म अंतराला. चौथें आवाजाला, पण उलट दिशेनें! कारण फिल्टर उघडला कीं नाद मोठा भासतो. आणि येथें हवी आहे ती झळाळी, गलबला नको. कळ पूर्ण उघडेपर्यंत आवाज सुमारें तीन डेसिबल उतरावा, म्हणजे गायकाच्या गळ्यावर कुरघोडी होत नाहीं. वाढणाऱ्या गोष्टींबरोबर एखादी घटणारी गोष्ट जोडणें हें नवशिक्यांना सुचत नाहीं. माझ्या मतें, मॅक्रो वापरण्याजोगा होतो तो याच सूत्रामुळें.

आतां प्रमाणाविषयीं. मॅक्रो मूळ कळेच्या जागीं बसत नाहीं. तो तिच्या स्थितींत भर घालतो. एखादी कळ शंभरांपैकीं ७० वर आहे, आणि मॅक्रोला ५० ची ओढ दिली आहे. मॅक्रो ६० टक्के फिरला कीं मूळ कळ शंभरावर जाऊन टेकते. उरलेल्या ४० टक्के फेऱ्यांत हात फिरत राहतो आणि नाद जागचा हालत नाहीं. भरसभेंत वादक गोंधळतो तो अशा मेलेल्या जागीं. म्हणून मूळ कळ आधीं खालीं आणावी, आणि ओढ एवढीच द्यावी कीं दोन्ही टोकें बरोबर कळेच्या दोन टोकांशीं मिळावींत.

वळणाची गोष्ट याहून नाजूक आहे. आपला कान स्वरांतील अंतर बेरजेनें मोजीत नाहीं, गुणाकारानें मोजतो. कंपनसंख्या दुप्पट झाली म्हणजे एक सप्तक. ५०० पासून ४,००० पर्यंत तीन सप्तकें होतात. कळ जर हर्ट्झांच्या हिशेबानें सरळ चालली तर निम्म्या फेऱ्यांत ती २,२५० वर पोहोंचते, म्हणजे दोन सप्तकांहून अधिक वाट संपलेली असते. उरलेल्या निम्म्या फेऱ्याला एक सप्तकहि येत नाहीं. रेडिओच्या अर्धवर्तुळाकार पत्र्यांचीच ही तक्रार! सुदैवानें बहुतेक सिंथेसायझरांत कटऑफची आंखणी कानाच्या हिशेबानें आधींच केलेली असते. इतर गोष्टींच्या बाबतींत मात्र तसा भरंवसा नाहीं, आणि त्यांकरितां वक्र रेषा आपणच वळवावी लागते. व्हायटलमध्यें प्रत्येक सूत्रासाठीं अशी रेषा वेगळी काढतां येते.

जोडाच्या तारांचेंच पाहा. षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारें १३८.६ हर्ट्झचा असेल आणि दोन तारांत तीन सेंटांचें अंतर असेल (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागास सेंट म्हणतात), तर सुमारें चार सेकंदांना एक अशी संथ लाट नादांत उठते. ती जिवंत वाटते. हेंच अंतर वीस सेंटांवर गेलें तर जाणता श्रोता तंबोरा उतरला म्हणून मान वर करील. म्हणून या सूत्राची कमाल मर्यादा चार सेंट, आणि रेषा अशी कीं पहिल्या दोन-तृतीयांश फेऱ्यांत तिनें जवळजवळ सपाट राहावें व मग वर चढावें. अशा रीतीनें कळ हळूहळू फिरविली असतां आधीं उजेड येतो, मग नाद भरतो, आणि अखेरीस त्यांत कंप जागा होतो. सर्व सूत्रें एकाच सरळ चालीनें ओढलीं तर हे टप्पे नाहींसे होतात, आणि ऐकणाराला वाटतें कीं कोणी नुसता पडदा वरखालीं करीत आहे.

येथें एक पथ्य. स्वराची उंची मॅक्रोला बांधूं नये. कीबोर्ड व संगणक यांची बोली मिडी ही १९८३ सालची. तींत साधी कळ ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांनीं बोलते. तीन सप्तकांच्या कटऑफला त्या पुरतात. एका सप्तकाची मींड काढूं गेल्यास मात्र प्रत्येक पायरी सुमारें साडेनऊ सेंटांची पडते. कांहीं सिंथेसायझर या पायऱ्या घांसून गुळगुळीत करतात, तरी त्यावर विसंबूं नये. मींडेकरितां कीबोर्डावर वेगळें चाक असतें. त्याच्या बोलींत १६,३८४ पायऱ्यांची सोय आहे. मींड निघत नाहीं म्हणून पेटीला १९४० पासून तीस वर्षें याच रेडिओचें दार बंद होतें, हें जुन्या श्रोत्यांना सांगावयास नको. तो निर्णय योग्य होता कीं अयोग्य, यावर अजूनहि घरोघर वाद होतात.

एवढें सगळें कानांत हेडफोन घालून, रात्रीं शांतपणें जुळविलें, तरी काम अर्धेंच झालें. भजन ऐकूं जाणार तें बहुधा देवळाच्या पारावरील कर्ण्यांतून; आणि कर्ण्याला तीन-चारशें हर्ट्झांखालचा स्वर फारसा पेलत नाहीं. म्हणजे १३८.६ हर्ट्झचा मूळ षड्ज तेथें जवळजवळ पोहोंचतच नाहीं, खर्जाची तर गोष्टच नको. कान त्याच्या उपस्वरांवरून तो मनांत भरून काढतो: ४१६, ५५४, ६९३ आणि त्यापुढचे. आपण तर जवारी बंद असतांना ५०० वरच वाट अडविली आहे! घरांत जो नाद मऊ वाटला, तो पारावर जवळजवळ नाहींसा होईल, आणि गायक हार्मोनियमकडे पाहूं लागेल. याकरितां भजनाच्या आदल्या दिवशीं कर्णा लावून, एकाला कीबोर्डापाशीं बसवून, आपण पटांगणाच्या टोकाला उभें राहावें. मॅक्रो पूर्ण मिटावा, आणि मूळ कटऑफची कळ षड्ज स्पष्ट ओळखूं येईपर्यंत वर न्यावी. ती बहुधा हजाराच्या आसपास थांबेल. मूळ कळ वर गेली म्हणजे ओढ तेवढी कमी करावयाची, नाहीं तर वरचें टोक ४,००० हर्ट्झांच्या पुढें निघून जातें. मग ती मांडणी वेगळ्या नांवानें जपून ठेवावी: एक घरची, एक पारावरची.