टाइल निघाली, चिकटा राहिला

बाथरूमची जुनी टाइल उखडली की अर्धे काम झाले असे घरमालकाला वाटते. पण खाली सिमेंटच्या अ‍ॅडहेसिव्हचे कडक, खडबडीत थर तसेच असतात.

त्यांवरच नवी टाइल बसवली, तर खालचा सैल थर सुटताना तिलाही घेऊन सुटतो. शिवाय फरशीची उंची वाढते, जाळीकडचा ढाळ बिघडतो आणि कोपऱ्यात पाणी साचते.

जाणता मिस्त्री आधी ठोकून पाहतो. पोकळ आवाज आला, तर तेवढा भाग छिन्नी-हातोड्याने सहज निघतो. चिवट जागी चपट्या छिन्नीचा ब्रेकर किंवा डायमंड कपचा ग्राइंडर लागतो. त्यातून उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली, तर सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होऊ शकतो. साधा रुमाल इथे पुरत नाही. ग्राइंडरला व्हॅक्यूम आणि तोंडावर नीट बसणारा एन-९५ मास्क हवा.

फ्लॅटमध्ये धोका वेगळाच. ब्रेकर खोल गेला की जुने वॉटरप्रूफिंग फुटते आणि गळती खालच्या घराच्या छतावर दिसते. म्हणून पृष्ठभाग साफ झाल्यावर नवे वॉटरप्रूफिंग करतात, ते सुकल्यावर जाळी बंद करून किमान २४ तास पाणी साठवतात आणि खालचे छत कोरडे राहिले तरच टाइलची खोकी उघडतात.