राजाच्या कमरेला ‘बकल’ नव्हतं

इंग्लंडच्या सफोक परगण्यात सटन हू इथे 1939 साली मातीच्या ढिगाखाली एक अख्खं जहाज पुरलेलं सापडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीचं हे दफन बहुधा ईस्ट अँग्लियाच्या रेडवाल्ड राजाचं असावं. त्यातलं सोन्याचं बकल तब्बल 413 ग्रॅम भरतं. ब्रिटिश म्युझियममध्ये ते ‘ग्रेट बकल’ म्हणून ओळखलं जातं. गंमत अशी, की ज्याच्या कमरेला ते शोभलं, त्याच्या बोलीत हा शब्दच नव्हता. जुन्या इंग्रजीत त्या वस्तूला ‘गिर्डेल्सह्रिंगे’ म्हणत. म्हणजे कमरपट्ट्याचं कडं.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बोलली जाऊ लागली. ‘बकल’ हा त्या फ्रेंचमधून आलेला शब्द. त्याचं मूळ लॅटिन ‘बुक्कुला’, शब्दशः ‘छोटा गाल’. रोमन शिरस्त्राणाच्या गालाकडच्या भागाला हे नाव होतं. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे येऊन ‘बक्कल’ झाला आणि थेट पोलिसांच्या पट्ट्यावर जाऊन बसला. हवालदाराचा बक्कल नंबर विचारणारा नकळत गालच काढत असतो!

वस्त्र अडकवायच्या पिनेला लॅटिनमध्ये ‘फिब्युला’ म्हणत. जुन्या इंग्रजीने तो शब्द ‘फिफेले’ असा उचलला होता, पण तो टिकला नाही. शरीरशास्त्रात मात्र पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड आजही फिब्युलाच आहे, कारण नडगीला लागून ते त्या पिनेच्या काडीसारखं दिसतं.

अडकवायच्या-बांधायच्या वस्तूंच्या इंग्रजी शब्दांची वाटणी मला फार बोलकी वाटते. दारावरचे शब्द बहुतेक जुने, देशी. ‘लॅच’ म्हणजे पकडणारा. ‘बोल्ट’ हा आधी जाड टोकाचा बाण होता, अडसर तो नंतर झाला. कडी-कोयंड्यातला ‘हॅस्प’ मुळात ‘हॅप्से’ होता. आपल्याकडे नुकसानाचं ‘नुस्कान’ होतं, तशीच तिथेही अक्षरांची अदलाबदल झाली.

अंगावरच्या शब्दांवर मात्र फ्रेंच शिक्का. ‘बटन’ म्हणजे कळी. फ्रेंचमध्ये झाडाच्या कळीला आणि बटणाला आजही एकच शब्द आहे, ‘बुताँ’. ‘आयलेट’ म्हणजे छोटा डोळा. फ्रेंच ‘डोळ्या’वरून आलेला ‘ऑइलेट’ इंग्रजांनी आपल्या ‘आय’शी जुळवून घेतला. ‘लेस’ तर चक्क फास आहे: लॅटिन ‘लाक्वेउस’, शिकारीचा फासा. त्याच मुळातून स्पॅनिशमार्गे गुराख्यांचा ‘लासो’ निघाला, आणि इकडे बुटाची नाडी नि झालरीची नाजूक जाळी.

ही वाटणी काटेकोर नाही. ‘हुक’ देशी असूनही कपड्यांवर चढला. पण तिच्यामागचं कारण साधं आहे. घराची कडी बसवणारा गावचा सुतार-लोहार इंग्रजी बोलायचा. अंगाला घट्ट बसणारे कपडे आणि त्यासाठी लागणारी बटणाची भोकं युरोपात तेराव्या शतकात रुजली, तेव्हा इंग्लंडातल्या श्रीमंतांची फॅशन ठरायची फ्रेंचमधून.

शिवणकामाबरोबर परका शब्द येणं आपल्यालाही नवं नाही. आपले शिंपी बटणाच्या भोकाला ‘काज’ म्हणतात तो पोर्तुगीज ‘काझा’. पोर्तुगीजांच्या लेखी ते भोक म्हणजे बटणाचं घर.