गाळप बंद असताना शाफ्टला का जपतात?

पावसाळ्यात बिद्रीच्या (ता. कागल) दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यात उसाचं गाळप बंद असतं. पण गंजाचा हंगाम तेव्हाच सुरू होतो! उसाचा रस आम्लधर्मी असतो. उरलेला रस आणि दमट हवा मिळून रोलरचा शाफ्ट गंजतो. बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर खड्डे पडले, तर हंगामात बेअरिंग तापतं, गाळप थांबतं आणि तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो. फटका शेतकऱ्यालाही बसतो.

उपाय काय? शाफ्ट धुऊन पूर्ण कोरडा करायचा, ग्रीसचा जाड थर द्यायचा, वर कापड गुंडाळायचं आणि मधूनमधून उघडून पाहायचं.

कोकणात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींच्या पंख्याचा शाफ्टही असाच जपावा लागतो. तिथे शत्रू खारं पाणी!