झारकडे केलेला अर्ज

‘मायबाप सरकारच्या सेवेशी’ अशी सुरुवात असलेला अर्ज घेऊन पक्षकार आजही आमच्याकडे येतात. सरकार आपले मायबाप आहे, ऐकून घेईल, अशी त्यांची भाबडी श्रद्धा असते. तसा अर्ज हाती आला की आम्हाला १९०५ सालचा रशियातला एक अर्ज आठवतो.

डिसेंबर १९०४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या पुतिलोव कारखान्यातून चार कामगारांना काढून टाकण्यात आले. त्यावरून जानेवारीत संप पेटला आणि काही दिवसांत राजधानीतले लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले. गापोन नावाच्या पाद्र्याच्या पुढाकाराने झार दुसऱ्या निकोलसच्या नावे अर्ज तयार झाला. त्यात मागितले काय? आठ तासांचा दिवस, भाषणाचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, जपानशी चाललेल्या युद्धाचा शेवट आणि सार्वत्रिक, समान, गुप्त मतदानाने निवडलेली घटना समिती. भाषा लेकरांची होती. मागण्या मात्र नागरिकांच्या होत्या.

रशियाच्या तेव्हाच्या दिनदर्शिकेप्रमाणे ९ जानेवारी (आजच्या हिशोबाने २२ जानेवारी), रविवार. हाती येशूच्या तसबिरी आणि झारचे फोटो घेऊन बायकामुलांसह लोक हिवाळी राजवाड्याकडे निघाले. झार राजवाड्यात नव्हताच. नार्वा दरवाजापाशी आणि राजवाड्याच्या परिसरात सैन्याने गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा १३० मृतांचा. खरा त्याहून मोठा असल्याचे मानले जाते. दहा दिवसांनी निवडून आणलेल्या ३४ कामगारांना झारपुढे उभे केले गेले. झारने सांगितले, मी तुमचा अपराध माफ करतो. गोळ्या खाणारेच अपराधी आणि झाडणारा क्षमाशील! व्यवस्थेचा न्याय तो हाच.

मायबापावरची श्रद्धा त्या दिवशी मेली. वर्षभर देश धुमसत राहिला. जूनमध्ये किडक्या मांसावरून पोटेम्किन युद्धनौकेवर खलाशांनी बंड केले. ऑक्टोबरमध्ये रेल्वे थांबली, कारखाने थांबले. अखेर १७ ऑक्टोबरला झारला जाहीरनामा काढावा लागला. नागरी स्वातंत्र्य मिळेल आणि ड्युमाच्या, म्हणजे संसदेच्या, संमतीशिवाय कायदा होणार नाही, असे त्यात वचन होते.

पण वकील वचन वाचत नाही, कलमे वाचतो. एप्रिल १९०६ मध्ये, ड्युमा भरण्याच्या अवघे चार दिवस आधी, झारने ‘मूलभूत कायदे’ जारी केले. आपल्या सत्तेपुढचा ‘अमर्याद’ हा शब्द काढला, ‘एकतंत्री’ हा ठेवला. कलम ८७ ने ड्युमा बसलेली नसताना वटहुकूम काढण्याची सोय केली. मतदानात स्त्रियांना जागा नव्हती. ५० पेक्षा कमी पुरुष कामगार असलेले कारखाने वगळले होते. एका जमीनदाराचे मत १५ शेतकऱ्यांच्या आणि ४५ कामगारांच्या मतांएवढे होते, असा हिशोब मांडला जातो. तरीही लोकांनी विरोधक निवडून दिले. मग पहिली ड्युमा ७२ दिवसांत बरखास्त झाली. ३ जून १९०७ रोजी दुसरीही गेली आणि त्याच दिवशी निवडणुकीचा कायदा ड्युमाला न विचारता बदलला. झारने स्वतःच दिलेला कायदा स्वतःच मोडला!

हे त्याला करता आले, कारण बंदूक अजून त्याचे ऐकत होती. डिसेंबर १९०५ मध्ये मॉस्कोतल्या कामगारवस्तीवर तोफा चालल्या, त्या सैन्यानेच चालवल्या. फेब्रुवारी १९१७ मध्ये पेट्रोग्राडच्या गिरणी कामगार स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. या वेळी सैनिकांनी बंदूक खाली घेतली आणि आठवड्याभरात, २ मार्चला, झारने गादी सोडली.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि हे आम्ही लपवणार नाही. ज्या घटना समितीसाठी १९०५ चे अर्जदार मेले, ती १९१७ च्या शेवटी खरोखर निवडली गेली. स्त्रियांनीही मत दिले. जानेवारी १९१८ मध्ये एकाच बैठकीनंतर बोल्शेविकांनी ती मोडून टाकली. क्रांतीच्या नावाने बसलेल्या सत्तेलाही लोकांचे मत अडचणीचे वाटले.

मेहेरबानीने मिळालेला हक्क मेहेरबानी संपली की जातो. मग मेहेरबान झार असो की क्रांतिकारक. म्हणून आम्ही पक्षकाराच्या अर्जातला ‘मायबाप’ हा शब्द खोडतो आणि तिथे कायद्याचे कलम लिहितो. ते कलम राखायला पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले, तर त्याचीही तयारी हवी.