ओळ आणि रकाना

मुलांनो, पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथे मोटारींचे मोठे कारखाने आहेत. गोदामात सुटे भाग मांडणीच्या खणांत ठेवतात. ‘ओळ ३, रकाना ५’ एवढे सांगितले, की नेमका खण सापडतो.

संगणकावरील खेळाचा पटही असाच असतो. लुआ ही संगणकभाषा १९९३ साली ब्राझीलमध्ये तयार झाली. अनेक खेळांत ती वापरतात. समजा, तुम्हांला ४ ओळी व ५ रकाने हवे आहेत. प्रथम एक रिकामी यादी करा. तिच्यात पहिल्या ओळीची यादी ठेवा आणि तिच्या पाचही खणांत शून्य भरा. असेच चारही ओळींचे करा. एकूण २० खण भरतील. मग जेथे भिंत हवी, तेथे १ लिहा.

दोन गोष्टी सांभाळा. प्रत्येक ओळीसाठी नवी यादी करा. एकच यादी चार वेळा ठेवली, तर एका ओळीतला बदल चारही ओळींत दिसेल. दुसरे म्हणजे, मोजणी कोठून करायची ते आधी ठरवा. उर्दू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून. पाच रकान्यांत डावीकडून दुसरा असलेला रकाना उजवीकडून चौथा होतो! मग खेळात भिंत भलतीकडे उभी राहते आणि गोदामात चुकीचा भाग हाती येतो. सर्वांचा नियम एक असला, तरच काम बिनचूक होते.