टपालाचे तुंबलेले दप्तर (लेखांक ७)

गेल्या सप्ताहात ई-टपालाचे पत्र एका संगणकापासून दुसऱ्या संगणकापर्यंत कसे पोचते, याचे विवेचन आपण केले. ते वाचून कोणाही चिकित्सक वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहावा: जे पत्र समुद्र ओलांडून काही क्षणांत नागपुरास येते, तेच पत्र आपल्या मेजावरच्या संगणकात उघडताना थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा कार्यक्रम अर्धा-अर्धा मिनिट स्तब्ध का बसतो? आजचा लेखांक या प्रश्नासाठी राखून ठेवला आहे. कारण या दिरंगाईचे खरे कारण न समजल्यामुळे अनेक सुस्थितीतले संगणक निकालात निघतात आणि इंटरनेटचा वेग वाढविण्यासाठी दरमहा विनाकारण अधिक पैसे भरले जातात, हे पाहून मन खरोखर विषण्ण होते.

पत्र वाहून नेणे आणि पत्र जतन करणे ही दोन कार्ये मुळातच भिन्न आहेत, आणि ही भिन्नता नागपूरकरांस तरी वेगळी पटवून देण्याची आवश्यकता नसावी. रफी अहमद किदवई दळणवळण खात्याचे मंत्री असताना, १९४९ साली, रात्रीच्या हवाई टपालाची जी योजना अमलात आली, तिचे केंद्र आपला सोनेगाव विमानतळ होता; दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार नगरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत, आणि उजाडेपर्यंत आपापल्या ठिकाणी परत जात. त्या योजनेतील वेगाचे मर्म विमानांत होते तितकेच या गोष्टीतही होते, की सोनेगावास एकही थैली मुक्कामास ठेवावयाची नव्हती. संगणकातील टपाल-कार्यक्रमावर मात्र दोन्ही जबाबदाऱ्या आहेत: त्याला पत्र आणावे लागते, आणि आणलेले प्रत्येक पत्र वर्षानुवर्षे सांभाळून मागाल त्या क्षणी हजरही करावे लागते. मंदपणा बहुतेक वेळा या दुसऱ्या कामात असतो.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे काम चालविणाऱ्या एखाद्या वकिलांच्या कचेरीचे उदाहरण घेऊ. अशिलांची पत्रे, कागदपत्रांची छायाचित्रे, दाखल केलेल्या अर्जांच्या प्रती, असे सारे काही तेथे टपालानेच येते, आणि जोडणी खंडित झाली तरी जुने पत्र हाताशी असावे म्हणून ब्राउझरऐवजी संगणकावर स्थापित केलेला स्वतंत्र कार्यक्रम वापरला जातो. हा हेतू अत्यंत योग्य आहे. परंतु अशा कचेरीत दहा-बारा वर्षांचे टपाल एकाच 'इनबॉक्स'मध्ये साचलेले असते, आणि ते कसे साचते हे समजून घेण्यासारखे आहे.

मोझिलाचा थंडरबर्ड, ज्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तो नेहमीच्या व्यवस्थेत एका फोल्डरमधील सर्व पत्रे एकाच मोठ्या फाइलमध्ये एकापुढे एक लिहून ठेवतो. 'एमबॉक्स' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत थंडरबर्डपेक्षा पुष्कळ जुनी, युनिक्स संगणकांच्या काळातील आहे. हिची तुलना जुन्या कचेरीतील बांधीव नोंदवहीशी करता येईल. अशा वहीतील एखादी नोंद रद्द झाली तर कारकून पान फाडीत नाही, त्या नोंदीवर रेघ मारतो. त्याचप्रमाणे आपण पत्र पुसले की कार्यक्रम त्यावर रद्द झाल्याची खूण करतो, ते दृष्टीआड होते, पण त्याचा मजकूर फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो. त्यामुळे ज्या फोल्डरमध्ये तीनशेच पत्रे दिसतात, त्याची फाइल कित्येक गिगाबाइटची असू शकते. वही स्वच्छ लिहून काढण्याचे, म्हणजे जिवंत नोंदी नव्या फाइलमध्ये उतरवून जुनी टाकून देण्याचे जे काम, त्यालाच मेनूमध्ये 'कॉम्पॅक्ट' म्हटले आहे. फोल्डरच्या नावावर माउसची उजवी कळ दाबली की हा पर्याय दिसतो. कार्यक्रम स्वतःहूनही अधूनमधून याची अनुज्ञा मागतो, आणि कामाच्या घाईत आपण ती नाकारीत राहतो. मंदपणाच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच नकारात सापडते.

या कामापूर्वी दोन गोष्टींची तजवीज अवश्य करावी. नवी फाइल तयार होईपर्यंत जुनी अस्तित्वात असते, म्हणून निदान तितकीच मोकळी जागा डिस्कवर हवी. आणि काम मध्येच तुटता कामा नये. विदर्भात उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून यूपीएसच्या आधाराशिवाय हे काम सुरू करू नये.

पत्रांच्या मोठ्या फाइलशेजारी 'एमएसएफ' या विस्ताराची एक लहान फाइल असते. पाठविणाऱ्याचे नाव, विषय, दिनांक आणि पत्र कोठे सापडेल याचा तपशील तीत असतो, आणि पडद्यावर जी यादी दिसते ती हिच्यावरूनच. संगणक अकस्मात बंद पडला तर ही अनुक्रमणिका विसंगत होते. मग यादी उघडण्यास विलंब लागतो, अथवा एका पत्रावर टिचकी मारली असता भलतेच उघडते. अशा वेळी फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'रिपेअर फोल्डर' हा हुकूम द्यावा. मूळ पत्रांवरून अनुक्रमणिका पुन्हा रचली जाते. सर्व पत्रांतील शब्दांच्या शोधासाठी आणखी एक स्वतंत्र कोश असतो, आणि नवे खाते जोडल्यावर किंवा जुने टपाल आयात केल्यावर तो रचण्यात कार्यक्रम दीर्घकाळ गुंतून पडतो. हा विलंब तात्पुरता असतो. संगणक एक रात्र चालू ठेवला की बहुधा तो संपतो.

आउटलुकची रचना निराळी, पण व्याधी तीच. तेथे पत्रे, पत्ते, भेटींच्या नोंदी हे सर्व 'पीएसटी' नामक एका फाइलमध्ये असू शकते. २००२ च्या आवृत्तीपर्यंत तिची मर्यादा २ गिगाबाइट होती. २००३ च्या आवृत्तीत ती २० आणि २०१० च्या आवृत्तीत ५० गिगाबाइट झाली. मर्यादा वाढली म्हणजे तेथपर्यंत भरलेच पाहिजे असे नव्हे. शिवाय अनेक लहान कचेऱ्यांत ही फाइल सर्वांना सोयीची म्हणून जाळ्यावरील सामायिक संगणकावर ठेवतात. मायक्रोसॉफ्टने या प्रथेस मान्यता दिलेली नाही, कारण प्रत्येक लहानसहान वाचन-लेखन तारेवरून होऊ लागते आणि फाइल बिघडण्याचा धोकाही वाढतो. पीएसटी ज्याची त्याने आपल्या यंत्रावर ठेवावी.

फाइल इतकी फुगते कशाने, याचा खुलासाही करावयास हवा. ई-टपालाची व्यवस्था साध्या इंग्रजी अक्षरांसाठी निर्माण झाली होती. १९९२ साली 'माइम' ही पद्धत मुक्रर झाल्यावर चित्रे, ध्वनी आणि इतर लिप्या तीतून सुखाने जाऊ लागल्या, परंतु जोडपत्राचे प्रत्येक तीन बाइट चार अक्षरांत रूपांतरित करूनच पाठवावे लागतात. म्हणून १५ मेगाबाइटचा दस्तऐवज टपालात २० मेगाबाइटहून किंचित अधिक जागा व्यापतो. तोच दस्तऐवज उत्तर-प्रत्युत्तरांत चार वेळा पुढे धाडला तर चारही प्रती दप्तरी राहतात. जोडपत्र योग्य फोल्डरमध्ये जतन करून पत्रातून वगळण्याची सोय दोन्ही कार्यक्रमांत आहे, आणि तिचा उपयोग फारच थोडे लोक करतात.

विषाणू-प्रतिबंधक कार्यक्रमाचा येथे विशेष निर्देश केला पाहिजे. एक पत्र आले की संपूर्ण इनबॉक्सची फाइल बदलली असे त्याला दिसते, आणि तो ती पुन्हा आरंभापासून तपासावयास घेतो; क्वचित एका संशयास्पद पत्रापायी सगळी फाइलच अटकेत टाकतो. थंडरबर्डचे 'प्रोफाइल', म्हणजे त्याची सर्व पत्रे ज्यात साठतात ते फोल्डर, या तपासणीतून वगळावे, आणि जोडपत्र उघडताना होणारी तपासणी मात्र कायम ठेवावी. बाहेरून जोडलेल्या ऍड-ऑनचा संशय असल्यास 'ट्रबलशूट मोड'मध्ये कार्यक्रम सुरू करून पाहणे पुरेसे आहे.

एक कारण आपल्या हवामानाचे आहे. वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की आत्मरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. सकाळी ठीक चालणारा लॅपटॉप दुपारी सर्वच कामांत मंदावत असेल, तर फोल्डरांची झडती घेण्याऐवजी पंख्यात साचलेली धूळ काढावी.

म्हणून निदानाचा क्रम असा असावा. विलंब नेमका केव्हा होतो हे प्रथम पाहावे. नवे टपाल येण्यास किंवा धाडलेले पत्र सुटण्यास वेळ लागत असेल, तर जोडणी आणि सर्व्हर यांची चौकशी योग्य. परंतु इंटरनेटची जोडणी तोडून, 'ऑफलाइन' स्थितीत, जुने पत्र उघडून पाहिले आणि तेव्हाही कार्यक्रम अडखळला, तर दोष जोडणीचा नाही हे निर्विवाद ठरते. एकच विशिष्ट फोल्डर अडखळत असेल तर ते कॉम्पॅक्ट करावे, सर्वच अडखळत असतील तर विषाणू-प्रतिबंधक आणि ऍड-ऑन तपासावेत. त्यानंतर वर्षवार फोल्डर करून जुनी पत्रे तेथे हलवावीत, आणि पत्रे हलविल्यावर मूळ इनबॉक्स पुन्हा एकदा कॉम्पॅक्ट करावा. कारण हलविलेल्या पत्रांचीही तेथे केवळ रेघ मारलेली नोंदच उरते.

एवढे करूनही, नव्या रिकाम्या प्रोफाइलमध्ये मोजकी पत्रे असतानाही जर कार्यक्रम थबकत असेल, तर डिस्कची प्रकृती संशयास्पद समजावी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क बिघडू लागली की एकच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि तो प्रयत्न पडद्यावर केवळ विलंबाच्या रूपाने दिसतो. अशा यंत्रावर कॉम्पॅक्ट किंवा रिपेअर यांपैकी काहीही न करता, आधी संपूर्ण प्रोफाइल अथवा पीएसटी फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी. हे उतरवून घेणे कार्यक्रम बंद ठेवून कसे करावे, आणि घेतलेली प्रत खरोखर उघडते की नाही याची खातरजमा कशी करावी, हे पुढील लेखांकात पाहू.