आजाराची रजा आणि मालकाचा डॉक्टर

संस्थेच्या वैद्यकीय साह्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत एक प्रकार आम्हांस वारंवार आढळतो. अर्जदार नोकरीस आहे, खरोखरच आजारी आहे, परंतु पगार बंद झाला आहे. विचारपूस करता कळते की, मालकाने आपल्या डॉक्टरकडे तपासणीस बोलाविले. हा भीतीपोटी गेलाच नाही, किंवा गेला तेव्हा ‘कामास लायक’ असा शेरा घेऊन परतला. पुढे काय करावे हे घरात कोणासच ठाऊक नसते.

मालकाने शंकाच घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पैसे टाकून दाखला मिळविणारे लोक आपल्यातही आहेत, आणि त्यांच्यामुळेच खऱ्या रोग्याकडे संशयाने पाहिले जाते. प्रश्न एवढाच की, निवाडा कोणी करावयाचा?

प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सरकारला दिला. त्यातून 1948 चा कामगार राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. हीच आपली ‘ई.एस.आय.’ होय. तीत आजारपणाचा भत्ता मालक देत नाही, महामंडळ देते. म्हणून दाखलाही योजनेच्या डॉक्टरचा लागतो, आणि त्याविषयी संशय आला तर फेरतपासणी महामंडळाने नेमलेला वैद्यकीय अधिकारी करतो. मालकाने आपली शंका महामंडळाकडे खुशाल कळवावी. परंतु त्याच्या पगारी डॉक्टरच्या शेऱ्याने हा भत्ता बुडत नाही. भत्त्याचा दर पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. क्षयासारख्या दीर्घ रोगांत, पुरेशी नोकरी व वर्गणी भरलेली असल्यास, 80 टक्के व दोन वर्षांपर्यंत आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा असो की कागलच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना, हा कायदा केंद्राचा असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच. मात्र कामगारावरही बंधने आहेत, आणि आमची माणसे नेमकी तेथेच चुकतात. उपचार चालू ठेवावे लागतात, बोलावले की तपासणीस हजर व्हावे लागते, परवानगीवाचून उपचाराचे ठिकाण सोडता येत नाही. निपाणीचा मुलगा कागलास कामाला असतो. आजारी पडला की कोणास न विचारता लांबच्या मामाच्या गावी जातो, आणि चार दिवसांनी बरे वाटताच तंबाखूच्या शेतात उभा राहतो. मग भत्ता अडला तर दोष कोणाचा?

आजारभत्ता चालू असताना कामगारास कामावरून काढण्यास किंवा शिक्षा करण्यास 1948 च्या कायद्याच्या 73 व्या कलमाने मनाई केली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तेव्हा अर्ज करताना जुन्या कलमाचा आकडा न लिहिता स्थानिक कार्यालयात विचारून लिहावा.

जे या योजनेत नाहीत, त्यांची गोष्ट निराळी. दुकाने व आस्थापनांसाठी कर्नाटकाच्या 1961 च्या कायद्यात आजार वा अन्य रास्त कारणासाठी वर्षाला 12 दिवस पगारी रजा सांगितली आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यात आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे. म्हणजे एकाच घरातील दोन भाऊ, एक निपाणीत व एक कोल्हापुरात दुकानात, तर त्यांचा हिशेबही दोन तऱ्हेचा. येथे दाखला खासगी डॉक्टरचा चालतो. दिलेल्या दाखल्यांची नोंदवही ठेवणे 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रोग्याचे गुपित फोडण्यास त्याला मनाई आहे. मालकाने फोन केला म्हणून डॉक्टरने सारा इतिहास सांगावा असे नाही. एच.आय.व्ही. बाबत तर 2017 चा स्वतंत्र कायदाच आहे. नोकरीसाठी त्या तपासणीची अट घालता येत नाही. दाखल्याची एक प्रत घरी ठेवावी, आणि अर्ज दिल्याची पोच घ्यावी. तोंडी निरोपावर विसंबू नये.

राहता राहिल्या घरी बसून विड्या वळणाऱ्या आमच्या भगिनी. त्यांची मजुरी हजारी विड्यांवर. रजेचा अर्ज द्यावा तर कोणाकडे? विडी कामगारांसाठी 2025 पर्यंत 1966 चा कायदा होता, 1976 चा कल्याणनिधीही झाला, परंतु ताप आला त्या दिवशी सुपात तंबाखू पडत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. निधीकडे येणारे सर्वांत छोटे अर्ज बहुधा त्यांचेच असतात.